लागतोय, पण वाजत नाही

आमच्या कॉलनीत कुणाचाही फोन बिघडला की आधी मला बोलावतात. यात चूक त्यांची नाही, माझीच आहे. मी फौजेत सिग्नलला होतो, आणि हे वाक्य साताऱ्यात राहायला आल्यापासून मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आमच्या भाजीवालीलाही ते पाठ झालंय. सिग्नलला होतो म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. ऐकणारा आपल्या मनानेच मला बर्फात उभा करतो, माझ्या खांद्यावर तारेचं भेंडोळं देतो आणि वरून गोळीबारही सुरू करतो. भेंडोळं मी उचललंय, ते खरं. पण नोकरीतली बरीचशी वर्षं मी एका एक्सचेंजमध्ये पंख्याखाली बसून "होल्ड कीजिए, साहब" म्हणत काढली. हे कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.

कॉलनीत निम्मी घरं निवृत्त फौजींची. पण बाकीच्यांची पंचाईत अशी की त्यांच्या विद्येला इथे गिऱ्हाईक नाही. शेजारचे सुभेदार तोफखान्यातले. ते बिचारे कॉलनीत काय उडवणार? मला मात्र सारख्या हाका येतात. कुणाचा वायफाय अडलेला असतो, कुणाच्या टीव्हीवर चित्र येत नसतं. मी जातो, डबा बंद करतो, हाताची घडी घालून गंभीर चेहऱ्याने थोडा वेळ थांबतो आणि डबा परत चालू करतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. लोक म्हणतात, "सिग्नलचा माणूस हाय, उगं न्हाई." मी चहा पिऊन घरी येतो.

तर अशा या सिग्नलच्या माणसाने स्वतःच्या घरच्या फोनचं काय केलं, ते सांगायचं आहे.

मला एक थोरली बहीण आहे, आक्का. कवठे महांकाळच्या बाहेर वस्तीवर एकटी राहते. भावजी गेले, मुलं पुण्याला नोकरीत. मुलं न्यायला आली की ती म्हणते, "मी यीन, पर माज्या शेरडांस्नी कुटं बांदू?" पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर शेळ्या कुठे बांधायच्या, हे अजून कुणालाच सुचलेलं नाही, म्हणून ती तिथेच आहे. मी लहान असतानाच आई गेली आणि आक्काने मला कडेवर घेऊन वाढवलं. त्यामुळे मी साठी ओलांडली असली तरी तिच्या लेखी माझं नाक अजून पुसायचं राहिलेलं आहे.

आम्हा दोघांत एक जुनी रीत आहे. मी फौजेत असताना सुट्टी संपवून युनिटला परत पोचलो की गावच्या दुकानातल्या फोनवर दोन रिंगा द्यायचो आणि कट करायचो. दुकानदार फोन उचलायचा नाही. आक्का वाटेवरून जाताना दिसली की ओरडून सांगायचा, "तुमचा भाऊ पोचला बरं का!" दोन रिंगा म्हणजे पोचलो, सुखरूप आहे. तिसरी वाजली तर मात्र उचलायचा, कारण तेव्हा काहीतरी बोलायचं असतं. आमच्या भागात फौजेतल्या पोरांच्या घरी अशा पोचल्याच्या रिंगा पुष्कळ वाजल्या असतील.

मी निवृत्त झालो आणि पुढे भावजी गेले, तेव्हा मी ती रीत उलटी केली. आक्काला बटणांचा मोबाईल घेऊन दिला आणि म्हटलं, आता तू देत जा. तेव्हापासून रोज सकाळी शेळ्यांचं दूध काढून, चहा पिऊन झाला की ती आमच्या घरच्या फोनवर दोन रिंगा देते. मी बैठकीत खुर्चीवर कान लावून बसलेला असतो. एक वाजते, दोन वाजतात, फोन गप्प होतो आणि मी पेपर उघडतो. रविवारी ती तिसरी वाजू देते, मी उचलतो आणि मग आम्ही पोटभर बोलतो. रिंग देऊन झाली की ती मोबाईल बंद करून पत्र्याच्या डब्यात ठेवून देते. चालू ठेवला तर बॅटरी जळते, असं तिचं म्हणणं. तिला एकच नंबर पाठ आहे, आमच्या घरचा. माझ्या मोबाईलचा नंबर मी तिला पुष्कळदा शिकवायला गेलो. ती म्हणाली, "एका भावाला दोन नंबर कशाला?"

म्हणून जुनी तांब्याची लाईन काढून फायबर द्यायला कंपनीची माणसं आली, तेव्हा माझी एकच अट होती. नंबर तोच राहिला पाहिजे. राहिला. त्यांनी दारापाशी, चपलांच्या मांडणीच्या वर, एक पांढरा डबा ठोकला. रस्त्यावरून आलेली उजेडाची बारीक तार त्यात शिरते आणि त्याच डब्यातून इंटरनेट निघतं, फोनही निघतो. डब्याच्या पोटाशी फोनचं भोक आहे. त्यात आमच्या जुन्या फोनची तार घातली, आणि आक्काच्या दोन रिंगा पहिल्यासारख्या वाजायला लागल्या. यापुढे मी हात लावला नसता तर सगळं ठीक होतं.

पण त्या डब्याचा वायफाय स्वयंपाकघरापर्यंत पोचत नव्हता. बायको पोळ्या करताना तेलाच्या बरणीला मोबाईल टेकवून मालिका बघते. ऐन सासू-सुनेच्या भांडणात चित्र थांबून गोल फिरायला लागायचं. ती म्हणाली, "आवं, कंपनीला फोन करा." मी म्हटलं, "कंपनीला कशाला? मी सिग्नलला होतो." आणि बाजारात जाऊन स्वतःचा राउटर घेऊन आलो.

स्वतःच्या राउटरचं सुख काय असतं, ते कंपनीच्या डब्यावर जगणाऱ्याला कळायचं नाही. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात गेल्यासारखं वाटतं. मी तो बैठकीत, माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला. दारातल्या डब्यातून त्याच्यापर्यंत एक केबल ओढली, दिवे लुकलुकले आणि स्वयंपाकघरात सासू-सून खंड न पडता भांडायला लागल्या. मी सुभेदारांना मुद्दाम बोलावून राउटर दाखवला आणि तो कंपनीचा नाही, माझा आहे, हे दोनदा सांगितलं. ते त्याच्याभोवती फिरले, वर उभ्या चार अँटेना त्यांनी निरखल्या आणि म्हणाले, "शिंगं बाकी खिलाराची हायती." बाजारात बैल बघावा तसं त्यांनी राउटर बघितला, याचा मला आनंदच झाला.

राउटरच्या पाठीमागे फोनची तार मावेल असं एक भोकही होतं. ते मी तेव्हाच हेरून ठेवलं.

रविवारी आक्काची तिसरी रिंग वाजली आणि मी उचलला.

"आक्का, मी स्वतःचा राउटर घेतलाय."

"म्हंजी काय रं?"

मी सांगायला बसलो. उजेडाची तार कशी असते, त्यातून आपला आवाज बारीक तुकडे होऊन कसा जातो आणि पलीकडे ते तुकडे परत कसे जुळतात. मी चांगलाच रंगात आलो होतो. बायको मधे चहा ठेवून गेली, तो निवला तरी मी बोलत होतो. आक्काने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"आन् लाईट गेली की?"

"लाईट गेली की बंद पडतो."

"आन् पयला?"

"पहिला चालायचा. त्याला वीज तारेतूनच मिळायची."

"मग पयलाच बरा हुता की रं."

यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते मला लागलं. मी फटकन म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं?" मग ती म्हणाली, "व्हय बाबा. मला काय कळतंय," आणि फोन बंद झाला.

शहाण्या माणसाने लगेच परत फोन लावला असता. मी बाजारात गेलो आणि राउटरला जोडायची बॅटरी घेऊन आलो. लाईट गेल्यावरही माझा फोन चालतो, हे आक्काला दाखवल्याशिवाय राहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आता बॅटरी राउटरपाशी, राउटर माझ्या खुर्चीपाशी, मग फोन तेवढा दारात चपलांवर कशाला? मी कंपनीच्या डब्यातून फोनची तार उपटली, फोन बैठकीत आणला आणि तार माझ्या राउटरच्या भोकात घातली. टक् असा आवाज करून ती बसली. तार टक् करून बसली की लाईन जोडली गेली, हे मला फौजेपासून पक्कं माहीत होतं.

रिसिव्हर उचलून ऐकला. पूर्वी त्यात एक लांब, सरळ सूर यायचा. आता टूं टूं टूं असं तुटक येत होतं. बायकोने कान लावला आणि विचारलं, "ह्यो आसा का कण्हतोय?"

मी म्हटलं, "डिजिटल आहे."

ज्या माणसाने कानाला रिसिव्हर लावून आयुष्यभर पोट भरलं, त्याचं हे उत्तर. शिवाय बॅटरी जोडली होती माझ्या राउटरला. लाईट गेली की दारातला कंपनीचा डबा बंद पडणारच होता, आणि उजेडाची तार तर त्याच्यात होती. विहिरीवरची मोटर बंद ठेवून नुसती पाईप उघडावी, तसला हा बंदोबस्त. पण हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी मी मिशीवर हात फिरवत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या जागी ठेवलेल्या फोनशेजारी चहा घेऊन बसलो. चहा संपला. पेपर तसाच घडी केलेला होता. रिंग आली नाही.

माझ्या लगेच लक्षात आलं की आक्का रुसली आहे. बायको म्हणाली, "फोन नीट बसलाय का बगा की." मी रिसिव्हर उचलून तिच्यापुढे धरला. "आवाज येतोय, ऐक." तिने ऐकलं आणि आत गेली. नवऱ्याशी फोनबद्दल वाद घालायचा नाही, हे ती लग्नानंतर थोड्याच दिवसांत शिकली होती. तिने त्या दिवशी घातला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या पुढच्या दिवशीही रिंग नाही. मग मीही रुसलो. आक्का वयाने मोठी, म्हणजे समजून घ्यायचं तिने. मी धाकटा, म्हणजे रुसायचा हक्क माझा. असा सगळा हिशेब मांडून मी रोज सकाळी फोनकडे पाठ करून बसायला लागलो, आणि कान मात्र पाठीमागे लावायला लागलो. एकदा न राहवून मोबाईलवरून तिला लावला. "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता त्यांचा फोन बंद आहे." तो रोजच बंद असतो, रिंग देऊन झाली की ती तो डब्यात ठेवते, हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी मला वाटलं, बघा, माझं तोंड बघायला नको म्हणून बंद केलाय.

वस्तीवरच्या तिच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे होता. त्यांना नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं. पण मग वस्तीभर बोभाटा झाला असता की फौजीचं आणि बहिणीचं बिनसलंय. म्हणून तेही केलं नाही. एकेक दिवस असा गेला. शेंगांची आमटी समोर आली तरी मला आक्काचीच आठवण यायची, कारण ती आमटी तिच्यासारखी कुणालाच जमत नाही. ते मी बायकोला बोलून दाखवलं आणि आणखी एक माणूस रुसवून घेतलं.

मग रविवार आला. मी आंघोळ करून, कपडे बदलून फोनसमोर बसलो. आज ती तिसरी वाजू देईल, मी लगेच उचलायचा नाही, थोडा वेळ वाजू द्यायचा आणि मग उचलून "हं" एवढंच म्हणायचं, असं ठरवलं होतं. दुपार झाली. फोन वाजला नाही, आणि माझा राग एकाएकी संपून गेला. उरली ती नुसती भीती. रिंग आली तर सुखरूप. मग रिंग आली नाही तर? त्याचा अर्थ एकच होता, आणि ती रीत मीच घालून दिलेली होती. आठवडाभर मी तो अर्थ बाजूला सारून रुसून बसलो होतो.

बायकोने पिशवी आधीच भरून ठेवली होती. म्हणाली, "उद्या पयल्या गाडीनं जावा. मला कवाधरनं वाटतंय."

सकाळी सांगलीची एसटी पकडली. कराडपर्यंत मी आक्काला काय सुनवायचं त्याची तयारी करत होतो. पुढे दोन्ही बाजूंना उसाचे फड लागले आणि माझी भाषा नरम होत गेली. सांगलीत गाडी बदलली. मिरज मागे पडलं, ऊस संपला, बाभळी आणि मधूनच द्राक्षाच्या बागा दिसायला लागल्या. तोवर माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं. मी खिडकीशी बसून एकच मागणं मागत होतो, की देवा, ती नुसती रुसलेली असू दे. लागेल तेवढी रुसू दे.

वस्तीवर पोचलो तर आक्का दारातल्या लिंबाखाली खाटेवर बसलेली. पायांवर जुनं लुगडं पांघरलेलं, मांडीवर सुपात भुईमुगाच्या शेंगा. ती दिसली तसा माझा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडल्यावर राग परत वर आला, त्याला मी काय करू?

"आरं? तू?" तिने डोळ्यांवर हात धरला. "आसा कसा आलास? फोन न्हाई, काय न्हाई."

ती जागची हलली नाही. आमच्याकडे माणूस दारात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. शत्रू आला तरी येतो. आक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "आत माठात पाणी हाय. घे जा तुज्या हातानं." मी मनात म्हटलं, अजून एवढा राग? आत जाऊन पाणी प्यालो, तोंडावर मारलं आणि बाहेर येऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

"रिंग का देत नाहीस?"

"कोन देत न्हाई?"

"तू."

"मी?" तिने सूप खाली ठेवलं. "आरं, रोज देती की! दूद काडलं, च्या पिला, की दोन रिंगा. आज बी दिल्या."

"आक्का, रागावलीस तर रागाव. पण खोटं बोलू नको."

"खोटं? मी? आन त्यो डबा हिकडं."

मी पत्र्याचा डबा आणून दिला. तिने मोबाईल काढला, चालू केला, अंगठ्याने एकेक बटण दाबत आमचा नंबर लावला आणि मोबाईल माझ्या कानाला चिकटवला. ट्रर्र ट्रर्र. ट्रर्र ट्रर्र.

"लागतोय का न्हाई?"

लागत होता. साताऱ्यातल्या माझ्या घराचा फोन कवठे महांकाळात माझ्या कानात खणखणत होता. मी दुसऱ्या हाताने माझा मोबाईल काढला आणि बायकोला लावला.

"अगं, घरचा फोन वाजतोय, उचल की!"

"कुटला फोन?"

"घरचा! माझ्या खुर्चीपाशी!"

"मी त्येच्याम्होरंच बसलीया. मुका हाय त्यो."

"मला इथे ऐकू येतंय!"

"मग तितं वाजत आसंल," ती म्हणाली. "हितं न्हाई."

एका कानात ट्रर्र ट्रर्र आणि दुसऱ्या कानात बायको. मधे मी. लागणं आणि वाजणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या जागी उभं राहिल्यावर मला समजलं. लावणाऱ्याला लागतो, घेणाऱ्याकडे वाजतो. तांब्याच्या तारेत या दोन गोष्टी एकाच वेळी व्हायच्या, म्हणून मी कधी त्यांचा वेगळा विचार केला नव्हता. आता फोन येत होता तो दारातल्या कंपनीच्या डब्यात. आमचा नंबर ओळखणारा तो एकटाच. आपल्या पोटातली तार कुणीतरी उपटलीय, याचा त्याला पत्ता नव्हता. तो बिचारा आक्काला सांगत होता, वाजतोय, वाजतोय, आणि रिकाम्या भोकात रिंग सोडत होता. फोन बसला होता माझ्या खिलारी राउटरवर, आणि त्या राउटरला आमचा नंबर कुणी सांगितलेलाच नव्हता. टक् आवाज झाला होता, तेवढाच.

"काय झालं रं?" आक्काने विचारलं.

"फोन मीच तोडलाय, आक्का."

"कसा?"

"तार चुकीच्या भोकात घातली."

मग तिचा चेहरा हळूहळू फुलला आणि ती हसायला लागली. "म्हंजी त्यो सोताचा राउटर!" पदर तोंडाला लावून, अंग हलवून ती हसत होती. हसता हसता पायांवरचं लुगडं खाली घसरलं. डावा पाय घोट्यापासून वरपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"हे काय?"

"काय न्हाई. पडले जरा." तिने लुगडं परत ओढलं. "शेरडानं हिसका दिला, दावं पायात आलं. शेजारची सून आन् तिचा नवरा कवट्याला डाक्टरकडं घिऊन गेली. बेस हायती दोगंबी."

"कधी?"

"झालं की. बेस्तरवारी."

"मग मला कळवायचं नाही?"

तिने सूप परत मांडीवर घेतलं आणि शेंगा फोडायला लागली. "कळवलं की."

"कधी कळवलंस?"

"पडले तवाच. सकाळची येळ हुती. रिंग दिऊन मोबाईल ठिवायला निगाले हुते, हातातच हुता. पडल्या पडल्या तुला लावला. दोन वाजल्या. तिसरी वाजली. म्हटलं आता उचलंल. लय वाजीवला, आपसूक बंद झाला, परत लावला. उचलला न्हाईस. म्हटलं, रुसलाय. पयलाच बरा हुता म्हटलं, त्येचा राग धरून बसलाय. मग वरडले, तवा शेजारची सून धावत आली. तिलाच म्हटलं, त्येला सांगू नगं, त्यो घरात आसून उचलंना."

त्या वेळी मी कुठे होतो, हे मला नेमकं माहीत होतं. मी त्या फोनशेजारीच बसलो होतो, त्याच्याकडे पाठ करून.

"आणि तरी दुसऱ्या दिवशी रिंग दिलीस?"

"दिली की. खाटंवरनं दिली."

"का?"

"न्हाई दिली आसती तर तू काळजी केली आसतीस की रं."

मी खाटेशेजारी खाली मातीतच बसलो. पाय दुखतो का, डॉक्टर काय म्हणाले, विचारायचं पुष्कळ होतं. तोंडातून एवढंच आलं, "लय लागलं का गं?"

"लागलं की," ती म्हणाली. "मला बी लागलं, फोन बी लागला. तुज्याकडं तेवडं वाजलं न्हाई."

ती हसतच म्हणाली. मला रडू आलं. साठी उलटलेला फौजी, शेळ्यांच्या लेंड्यांत बसून बहिणीच्या खाटेच्या पायाला धरून रडत होता. तिने शेंगांच्या टरफलांचा हात पदराला पुसला आणि त्याच पदराने माझं नाक पुसलं.

थोड्या वेळाने बायकोला परत फोन लावला. राउटरच्या पाठीमागच्या भोकातून फोनची तार काढायची आणि दारातल्या डब्याच्या पोटात घालायची, असं सांगितलं.

"एवडंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"मग त्या दिवशीच सांगायचं की. मी लसूण सोलता सोलता केलं आसतं."

मी पंधरवडा आक्काकडेच राहिलो. ती साताऱ्याला यायला तयार होईना, शेळ्यांचं कोण करणार म्हणून. मग शेळ्यांचं मी केलं. मी दूध काढायला बसलो की ती खाटेवरून सूचना द्यायची आणि शेळी लाथ द्यायची. तिथल्या पहिल्याच सकाळी दूध झालं, चहा झाला, आणि तिने डब्यातून मोबाईल काढून नंबर दाबायला सुरुवात केली.

"आक्का, मी इथंच आहे की. कुणाला देतेस?"

"तुज्या बायकुला," ती म्हणाली. "तू पोचलास ते तिला कळाय नगं व्हय?"

दोन रिंगा देऊन तिने कट केला. मी लगेच बायकोला विचारलं. साताऱ्यात दोन्ही वाजल्या होत्या.

आता फोन परत चपलांच्या मांडणीवर आहे आणि माझी खुर्ची मी तिथेच, दारात नेऊन ठेवलीय. बॅटरी राउटरवरून काढून कंपनीच्या डब्याला लावली. लाईट गेली की स्वयंपाकघरातली सासू-सून गप्प होतात, पण फोन चालतो. सुभेदारांनी एकदा विचारलं, "का वं, चपलांची राखण करताय काय?" मी म्हटलं, ड्युटी आहे. सकाळी एक वाजते, दोन वाजतात. पूर्वी मी दुसरीनंतर पेपर उघडायचो. आता उघडत नाही. तिसरी येतेय का, बघत बसतो.

परवा तिसरी वाजली. रविवार नव्हता. माझ्या हातातला कप कुठे गेला मला माहीत नाही.

"काय झालं, आक्का?"

"काय न्हाई. उचलतोस का बगितलं."

"उचलला की."

"व्हय. उचललास." तिच्यामागे शेळी ओरडत होती. "ठेव मग आता. बॅटरी जळती."

मी ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.